वातानाबेंच्या घरी कितो

मिशिमाहून येणारी बस बर्फामुळे उशिरा येणार हे ठाऊक असूनही नात्सुए वेळेवरच थांब्यावर जाऊन उभी राहिली. घरात बसणं तिला जड झालं होतं. सकाळीच सुमिए आत्या न कळवता आली होती, आणि सुमिए आत्या न कळवता आली की मनात काहीतरी धरूनच येते, हे त्या घरातल्या मागांनासुद्धा माहीत होतं.

उन्हाळ्यात सगळं किती सरळ होतं. आत्सुशी कितो घरातला धाकटा. नागोयाजवळच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात नात्सुए आणि तो दोघं शेजारशेजारच्या कढयांवर काम करायची, तिथेच जमलं. थोरला भाऊ आईजवळ राहील, धाकटा घरजावई म्हणून तळ्याकाठी येईल, वातानाबेंचं नाव लावेल आणि छत्रीच्या कापडाचे माग पुढे चालवेल, असं ठरलं होतं. कायद्याने नवरा-बायकोला एकच आडनाव लावावं लागतं. ते कुणाचं, एवढाच प्रश्न होता आणि तो सुटला होता. बाबा स्वतः नागोयाला जाऊन बोलणी करून आले. आजोबांनी मुलगा न बघताच मान डोलावली. येणारा पोरगा आपलं नाव लावणार म्हटल्यावर त्यांना दुसरं काही विचारायचंच नव्हतं.

मग ऑक्टोबरात आत्सुशीचा भाऊ कोइची कामावर असताना कोसळला तो उठलाच नाही.

बस आली. आत्सुशी उतरला तो एका हातात मिठाईचा डबा आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन. आदल्या रात्री मिशिमाला मुक्काम करून तो आला होता. कोट भावाचा होता, खांद्यावर सैल पडत होता. रस्त्याने चालताना त्याने दुकानांच्या पाट्या वाचल्या. वातानाबे न्हावी, वातानाबे तांदूळवाले, वातानाबे दंतवैद्य. इथे नुसती हाक मारली तर अख्खं गाव मागे वळेल, असं तो म्हणाला. नात्सुएला हसू आलं. म्हणून तर इथे कुणी कुणाला आडनावाने हाक मारत नाही, तिने सांगितलं. प्रत्येक घराला आपलं नाव आहे. आम्ही नाववाले, म्हणजे होडीवाले, ते समोरचे देवदाराखालचे, आणि आत्याचं सासर पलीकडच्या काठावर, ते विहिरीवाले.

"मी आज सांगून टाकणार," आत्सुशी म्हणाला. "तुझ्या वडिलांना पत्राने कळवलंय, पण आजोबांना तोंडानेच सांगायला हवं."

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. पुढे तिला आणखी काही बोलायचं होतं, पण घर आलं होतं.

*

सुमिएने वहिनीच्या हातातून भोपळा घेतला आणि स्वतःच चिरायला बसली. चुलीवर मिसोचं पाणी उकळत होतं, बाजूला कणकेच्या रुंद पट्ट्या पीठ लावून पसरल्या होत्या. ताए वहिनी, नात्सुएची आई, नेहमीसारखी गप्प होती. सुमिएला ती गप्पच आवडायची. लग्न होऊन आली तेव्हापासून ताएने या घरात आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. समुद्राकाठची माणसं बडबडी असतात म्हणतात, ते हिच्याकडे बघून खोटं वाटायचं.

सुमिएच्या मनात योशिओ होता. तिचा दुसरा मुलगा. हुशार नव्हता, पण हात चांगला होता, मागावर बसला की उठायचा नाही. नागोयाचा पोरगा येणार नसेल तर योशिओला या घरात दत्तक द्यावं, असं तिने त्या पोराचा भाऊ गेल्याचं कळल्या दिवसापासून मनात घोळवलं होतं. तो वातानाबेच होता. पाटी बदलायची गरज नाही, काही नाही. फक्त आधी नागोयाचं प्रकरण मिटायला हवं होतं, आणि तिचे बाबा, नात्सुएचे आजोबा, ते आपल्या पद्धतीने मिटवतील याची तिला खात्री होती.

पाहुणा आला. दारात वाकला, आत आला, रजईखाली शेगडी असलेल्या मेजापाशी गुडघे दुमडून बसला. मेजाच्या वरच्या बाजूला बाबा, म्हणजे जिन्पेई, ऐंशीला टेकलेले, पाठ अजून ताठ. बाजूला कोझो, सुमिएचा भाऊ, ज्याने कपातल्या चहाकडे बघायला सुरुवात केली ती शेवटपर्यंत.

पोरगा चांगला बोलला. आडवळण घेतलं नाही. भाऊ गेला, वडील आधीच नाहीत, आई एकटी आहे. मी दिलेला शब्द मला पाळता येत नाही. घरजावई होऊन तुमचं नाव लावायचं ठरलं होतं, ते जमणार नाही. नात्सुएशी लग्न मात्र करायचं आहे. एवढं सांगून त्याने कपाळ चटईला टेकवलं आणि तसाच राहिला.

जिन्पेईंनी त्याला उठायला सांगितलं आणि विचारलं, "हे कितो कसं लिहिता तुम्ही?"

कोझोने कप खाली ठेवला. सुमिएच्या ते लक्षात आलं. उन्हाळ्यात सगळी बोलणी त्याने एकट्याने का उरकली, हे तिला त्या क्षणी कळलं.

"राक्षस या अक्षरातला कि," आत्सुशी म्हणाला, "आणि डोकं या अक्षरातला तो."

सुमिएच्या हातातली पळी थांबली. बाहेर शेजारच्या छपरावरून बर्फ घसरून पडल्याचा आवाज आला.

"आज," जिन्पेई म्हणाले. "नेमका आज."

तो थंडी सरण्याचा सण होता. त्या दिवशी देशभर घराघरातून संध्याकाळी भाजलेले सोयाबीन उधळायचे होते आणि राक्षस बाहेर, भाग्य आत असं ओरडायचं होतं. नाववाल्यांच्या घरात मात्र ते कधी झालं नाही. कारण जिन्पेई सगळ्या नातवंडांना सांगत आले होते. फार पूर्वी वातानाबे नावाच्या एका वीराने राक्षसाचा हात तोडला. तेव्हापासून राक्षस त्या नावाच्या दारात पाऊल ठेवत नाहीत, मग दाणे कशाला फुकट घालवायचे? देशात या आडनावाची दहा लाखांवर माणसं आहेत, पहिल्या पाच-सहांत याचा नंबर लागतो, आणि तरी ज्याच्या त्याच्या घरी हीच गोष्ट आपल्याच खापरपणजोबांची म्हणून सांगतात. जिन्पेईंनाही ती आपलीच वाटायची.

"मला माहीत होतं," कोझो हळूच म्हणाला. "त्याचं ते नाव सुटणारच होतं, म्हणून म्हटलं, कशाला सांगा."

"तू गप्प बस." जिन्पेई पाहुण्याकडे वळले. "तुमच्या घरी काय करता आजच्या दिवशी? स्वतःलाच बाहेर घालवता?"

टोमणाच होता तो. पण पोराने प्रश्न समजून उत्तर दिलं. त्यांच्याकडे आई दार उघडते आणि म्हणते, भाग्य आत, राक्षसही आत. नावात राक्षस असलेल्या कितीतरी घरांत असं म्हणतात. दार कोइची धरून ठेवायचा, कारण ते जुनं आहे, आपोआप लागतं. एवढं बोलून तो थांबला. त्याला आणखी सांगायचं नव्हतं, आणि सांगायची गरजही नव्हती. आज संध्याकाळी ते दार धरायला कोइची नाही, हे सगळ्यांनाच कळलं.

जिन्पेई मात्र हलले नाहीत. तुमच्या आईबद्दल वाईट वाटतं, ते म्हणाले, पण माझ्या पाठीमागे एकच मुलगा आणि त्याच्या पाठीमागे एकच मुलगी. या घराचं नाव मी पाण्यात सोडू शकत नाही.

हीच वेळ, असं सुमिएला वाटलं. बाबांचं बरोबर आहे, तिने म्हटलं. नाव म्हणजे काय साधी गोष्ट आहे? आणि घरात मुलगे नाहीत असंही नाही, जवळच्यांत बघितलं तर आहेत. मग जीभ जरा सैल सुटली आणि ती नात्सुएकडे बघून हसत म्हणाली, "आता मलाच बघ. लग्न केलं, तळं ओलांडून गेले, पण नाव काही सोडलं नाही. तशीच वातानाबे राहिले. तुलाही इथलाच एखादा बघायला काय झालं होतं?"

"वन्सं," ताए म्हणाली.

चुलीपाशी उभं राहूनच म्हणाली. सुमिएने मागे वळून पाहिलं, कारण तो आवाज तिला ओळखू आला नाही.

"तुम्ही लग्नानंतर पहिल्यांदा माहेरपणाला आलात तेव्हा मागच्या ओसरीवर बसून रडला होतात. विहिरीवाल्यांच्या वातानाबेतलं नाबे हे अक्षर वेगळं, त्यात आडव्या रेघा जास्त. पोस्टात सही करताना चुकलात आणि सासऱ्यांनी सगळ्यांसमोर पुन्हा लिहायला लावलं. मला म्हणालात, आवाज तोच आहे वहिनी, पण लिहिलं की मी नसतेच त्यात."

सुमिए ते विसरली होती. विसरली नव्हती, ठेवून दिलं होतं. पहिली कितीतरी वर्षं सही करताना तिचा हात त्या अक्षरापाशी अडायचा. मग अडेनासा झाला, आणि कधी झाला ते तिला समजलंही नाही.

ताएने चुलीचा जाळ कमी केला, हात एप्रनला पुसले आणि येऊन मेजापाशी बसली, नवऱ्याच्या बाजूला नव्हे, मुलीच्या.

"मामंजी, माझ्या माहेरचं नाव काय?"

प्रश्नात धार नव्हती. रस्ता विचारावा तसा विचारला होता. जिन्पेईंनी तोंड उघडलं. इझूची, ते म्हणाले. समुद्राकाठची. तुझे वडील एकदा सुकी मासळी घेऊन आले होते. मोठी टोपली होती. मग ते थांबले आणि कोझोकडे पाहिलं. कोझोला माहीत होतं, पण त्याने बापाला मदत केली नाही.

"शिओमी," ताए म्हणाली. "आम्ही दोघी बहिणी. मी इथे आले, धाकटी योकोहामाला गेली. वडील गेल्यावर दारावरची पाटी शेजाऱ्यांनी उतरवली. मी तक्रार करत नाही. मला इथे कुणी त्रास दिला नाही. पण नाव पाण्यात गेलं तर काय होतं ते मला ठाऊक आहे, मामंजी. काही होत नाही. माणूस सकाळी उठतो आणि भात लावतो."

मग नात्सुए बोलली. तिचे शब्द तयार होते.

"मी कितो होणार आहे. हे मी ऑक्टोबरातच ठरवलं. आत्सुशीने मला तसं म्हटलेलं नाही. मी माग सोडणार नाही, शिकलेला रंग सोडणार नाही, दर नवीन वर्षाला इथे येणार आहे. पण त्याच्या आईला सोडून यायला मी त्याला सांगणार नाही. आजोबा, तुम्ही नको म्हणालात तरी."

जिन्पेई मेजाला हात टेकवून उठले. भिंतीवरचा कोट घेतला आणि मागच्या दाराने तळ्याकडे निघाले. कोझो उठू लागला तसं सुमिएने त्याची बाही धरली.

"जाऊ दे त्यांना," ती म्हणाली. मग तिने पळी उचलली आणि कणकेच्या पट्ट्या एकेक करून पातेल्यात सोडायला लागली. योशिओचं नाव तिने त्या दिवशी काढलंच नाही. ते पुढे वर्षभराने जिन्पेईंनीच काढलं, आणि तेव्हा सुमिएने पोराला विचारा म्हटलं, मी कोण सांगणार.

*

धक्क्याच्या फळ्यांवरचं बर्फ कुणी काढलं नव्हतं. जिन्पेई खांबाला धरून उभे राहिले. फुजी ढगात होता. तळ्याच्या पलीकडे विहिरीवाल्यांच्या गावातला धूर सरळ वर चालला होता.

आता इथे पूल झाल्याला बरीच वर्षं झाली होती, आणि नावाडी म्हणून या घरातला शेवटचा माणूस त्यांचे आजोबा होते. जिन्पेई लहान असताना म्हातारा त्यांना नावेत पुढे बसवायचा. वीराची गोष्ट जिन्पेईंनी शाळेत ऐकली होती आणि धावत येऊन म्हाताऱ्याला विचारलं होतं, आपण त्यांचेच ना? म्हातारा वल्हं मारत राहिला. मग म्हणाला, असू, कुणी सांगावं. त्याच्या बापाच्या वेळी सरकारी हुकूम निघाला होता, ज्याला आडनाव नाही त्याने लावा. गावचा पाटील वातानाबे होता, म्हणून अर्ध्या काठाने तेच लावलं. पण आपल्याला ते शोभतं, म्हातारा म्हणाला. पार करायच्या जागेजवळचे, एवढाच त्याचा अर्थ. आपण आहोतच तिथे. माणूस पलीकडे लावायचा आणि नाव रिकामी परत आणायची, हे आपलं काम.

जिन्पेईंना वीराची गोष्ट जास्त आवडली, तीच ते सांगत आले. नावाड्याची कुणाला सांगितली नाही, लाज वाटली म्हणून नव्हे, तर तिच्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही म्हणून. आता थंडीत उभं राहून त्यांना म्हाताऱ्याचे हात आठवले. परतीच्या फेरीत नाव हलकी असायची आणि म्हातारा नेहमी त्याच फेरीत गायचा.

त्यांना ताएचे वडीलही आठवले. टोपली खाली ठेवून तो माणूस बराच वेळ दारात उभा राहिला होता, आत या म्हणेपर्यंत. मुलीला बघायला आला होता. जिन्पेईंनी मासळीचं कौतुक केलं होतं.

मागे पावलं वाजली. नागोयाचा पोरगा छत्री घेऊन आला होता. त्याने ती जिन्पेईंच्या डोक्यावर धरली आणि स्वतः छत्रीबाहेर उभा राहिला. वेडा आहे, जिन्पेईंना वाटलं. बर्फ पडायचं केव्हाच थांबलं होतं.

"आमच्याकडे राक्षस येत नाहीत म्हणून आम्ही त्यांना हाकलत नाही," जिन्पेई म्हणाले. "तुम्ही त्यांना घरात घेता म्हणून हाकलत नाही."

"हो."

"म्हणजे दोन्ही घरी दाणे वाचतातच."

आत्सुशीला हसावं की नाही कळेना. म्हातारा हसतोय असं दिसल्यावर मग तो हसला.

"दुपारची बस किती वाजता सुटते?" जिन्पेईंनी विचारलं. तो म्हणाला तासाभराने. ती पकडली तर मिशिमाहून गाडी मिळून अंधार पडता पडता घरी पोचता येईल, असा त्याचा विचार होता.

"नात्सुएला घेऊन जा. दार धरायला कुणीतरी लागेल. तुझी आई दारात उभी राहून ओरडणार, तू धरशील तर तिच्या शेजारी कोण राहील?"

जिन्पेईंनी छत्री त्याच्या हातातून काढून घेतली आणि मिटली. आधी जेवा, ते म्हणाले, सुमिएने भोपळा पार विरघळवला असेल.

*

दोघं गेली तेव्हा ताए थांब्यापर्यंत गेली नाही. घाईघाईत नात्सुएची पिशवी भरली, तिच्या होणाऱ्या सासूसाठी विणलेल्या रेशमाचा एक तुकडा वर ठेवला, आणि पोरीने दारात मिठी मारली तेव्हा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आई, तू कधीच सांगितलं नाहीस, नात्सुए तिच्या मानेत तोंड खुपसून म्हणाली. कुणी विचारलं नाही, ताए म्हणाली, आणि ते बोलल्यावर तिला वाटलं की यात थोडं खोटं आहे. आपणही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोझोने ऐकलं असतं.

लग्न एप्रिलात, नागोयाला करायचं ठरलं. कोझो पंचांगात तारीख बघायला गावातल्या दुकानाकडे गेला आणि सुमिए त्याच्याबरोबर गेली, पलीकडच्या काठाची बस धरायला. जाताना तिने ताएच्या हातातलं भांडं काढून घेऊन स्वतः विसळून ठेवलं. तेवढंच केलं तिने, पण इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा केलं.

घरात माग बंद होते. जिन्पेई मेजापाशी बसून होते, पाय रजईखाली. ताएने चहा आणून ठेवला आणि ती वळणार तोच त्यांनी समोरची उशी हाताने जरा पुढे सरकवली. ती बसली.

"लिहिता कसं ते, माहेरचं नाव?" त्यांनी विचारलं.

कागद आणायला ती उठू लागली तर त्यांनी नको म्हटलं आणि हात पुढे केला, तळवा वर. ताए थोडी थांबली. सासऱ्याच्या हाताला तिने असा कधी हात लावला नव्हता. मग तिने डाव्या हाताने त्यांची बोटं धरली आणि उजव्या हाताच्या बोटाने तळव्यावर पहिलं अक्षर काढलं, सावकाश, रेघ रेघ करून. भरतीचं पाणी. मग दुसरं, बघण्याचं.

"भरती बघणारे," जिन्पेई म्हणाले.

होड्या कधी काढायच्या आणि कधी ओढून घ्यायच्या हे तिचे पणजोबा किनाऱ्यावर बसून सांगायचे, ताए म्हणाली. पाणी कितीही शांत दिसलं तरी ते नको म्हणाले की कुणी जात नसे. वडिलांच्या वेळेला ते राहिलं नव्हतं. पण वडील सकाळी उठल्यावर आधी समुद्र बघायचे आणि मगच चूळ भरायचे. इथे आले तेव्हाही पहाटे ते तळ्यावर जाऊन उभे राहिले होते, आणि परत येऊन तिला म्हणाले होते, पाणी चांगलं आहे पण हलत नाही, तू लवकर कंटाळू नकोस.

"कंटाळलीस?"

"कधी कधी," ताए म्हणाली.

जिन्पेईंनी तळहात मिटला नाही. तो तसाच मेजावर उघडा होता. "शिओमि," ते स्वतःशी म्हणून पाहू लागले, डोंगराकडच्या माणसांच्या लकबीने शेवट तोडून.

"असं नाही," ताए म्हणाली. "शेवटचा 'मी' लांबवायचा."

त्यांनी पुन्हा म्हटलं. तिने पुन्हा दुरुस्त केलं.